कोंडातल्या माशांचं कुळ

पंच्याण्णव हा आकडा माझा. समितीतले बाकीचे नव्वदवर तयार होते, आमचे अध्यक्ष चिटणीस सर तर पंच्याऐंशीवरही सही करायला निघाले होते. मीच टेबलावर हात आपटून पंच्याण्णव करून घेतले. माझा हा हट्ट कुठून आला ते कळायला मात्र थोडं ट्राउटविषयी ऐकावं लागेल. फार वेळ घेणार नाही.

माझी पीएच.डी. ट्राउटवर, म्हणजे थंड, गोड्या पाण्यातल्या एका देखण्या माशावर. आयर्लंडमध्ये एक तळं आहे, आणि त्या एकाच तळ्यात ट्राउटची तीन घराणी राहतात. एक तळाशी गोगलगायी खातं, त्याचं पोट सोनेरी आणि अंगावर लाल ठिपके. दुसरं उघड्या पाण्यात वर वर पोहणारं, चंदेरी, काळ्या ठिपक्यांचं. तिसरं थोराड, बाकीच्या माशांनाच खाणारं. राहतात सगळे एकत्र, पण अंडी घालायला जो तो आपापल्या ओढ्यात जातो, त्यामुळे हजारो वर्षं त्यांच्यात सोयरीक झालेली नाही. दोन माशांच्या रूपातला काही फरक खाण्यापिण्याने पडतो, काही रक्तात असतो, आणि नुसत्या डोळ्यांनी ते वेगळं काढता येत नाही. अशी घराणी युरोपात नदीगणिक होती. मग लोकांनी हौसेने हॅचरीतले पाळीव ट्राउट नद्यांत सोडले आणि कित्येक नद्यांतलं जुनं घराणं त्यात विरघळून गेलं. ऐन उमेदीच्या वयात मी हे पाहिलं, आणि तेव्हापासून मिश्रणाच्या नावाने बोटं मोडते.

आपल्याकडे ती वेळ २०४०च्या सुमाराला आली. उन्हाळ्यात सह्याद्रीतल्या डोहांचं पाणी चौतीस अंशांवर जाऊ लागलं आणि ट्राउटइतकाच नखरेल असलेला आपला महसीर, आमच्या कोकणात ज्याला खडस म्हणतात, तो पटापट मरू लागला. तेव्हा प्रयोगशाळेत उष्णता सोसणारा खडस तयार झाला. तो प्रत्येक नदीत सोडायचा बेत होता. मी भांडले. शेवटी समितीत असं ठरलं, की ज्या डोहातले मासे पंच्याण्णव टक्के त्याच नदीच्या घराण्याचे असतील तो डोह ‘मूळ कुंड’ म्हणून जपायचा, तिथले मिश्र मासे तेवढे काढायचे. बाकी डोहांतले सगळेच जुने मासे काढून नवीन वाण सोडायचं.

ते तपासायला एक यंत्र आलं होतं, जेवणाच्या डब्याएवढं. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर कापसाने टिपायचा, कापूस डब्यात ठेवायचा, वीस मिनिटांत पडद्यावर रंगीत पट्टे उमटतात. प्रत्येक नदीच्या घराण्याला एक रंग. कोकणात उतरणारी आमची चांदवी निळी, घाटावरून पूर्वेला जाणारी माणकी तांबडी, असे सत्तावन्न रंग मी स्वतः चार वर्षं खपून भरले होते.

एप्रिलमध्ये तो डबा घेऊन मी हेदवळ्याला गेले. हेदवळे माझं सासर. तिथे चांदवी नदीत वाघजाईचा कोंड आहे, काळ्या कातळातला खोल डोह. त्यातले खडस देवीचे, त्यांना कुणी पकडत नाही की खात नाही. खरं तर आपल्याच गावची तपासणी मी करायला नको होती, दुसऱ्या कुणाला पाठवायला हवं होतं. पण मला निकालाची खात्री होती, आणि सासरी थोडं मिरवायचंही होतं.

“आली का गं आमची डॉक्टरीण! आन् त्यो पत्रिका बघायचा डबा आनलास का?”

ही रंजनावन्संची हाक, कोंडाच्या दुसऱ्या काठावरून, लाउडस्पीकरशिवाय. वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, वय वर्षं त्रेसष्ट. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हा मला तांदळाची भाकरी थापता येत नव्हती. पहिल्याच सणाला वन्संनी तीस भाकऱ्या स्वतः थापल्या आणि पाहुण्यांसमोर माझ्या नावावर खपवल्या. त्या दिवसापासून मी त्यांच्या पक्षात आहे.

त्यांचं लग्न घाटावरच्या भिवशी गावात झालं होतं. तीन वर्षांत त्या परत आल्या, कायमच्या. परत आलेल्या लेकीला गावात जागा मिळणं तेव्हा सोपं नव्हतं. वन्संनी ती कोंडावर मिळवली. चाळीस वर्षं रोज सकाळी भाताचे गोळे घेऊन त्या कोंडावर येतात. एखादा मासा मेला तर त्याला पांढऱ्या फडक्यात गुंडाळून काठावर पुरतात आणि वर एक धोंडा ठेवतात. जत्रेला आलेली माणसं आधी देवीच्या पाया पडतात, मग ‘माशांची ताई कुठंय’ म्हणून विचारतात. कोंडातले मासे गेले असते तर वन्संपाशी काय उरलं असतं, हा विचारसुद्धा मला करवत नव्हता.

“कशाला तपासायचं ते?” वन्सं पाण्यात गोळा टाकत म्हणाल्या. “देवीचं हायेत. आनखी कुनाचं असनार?”

“तेच कागदावर आणायचंय, वन्सं. एकदा शिक्का बसला की कुणी हात लावणार नाही.”

गोळ्यांवर मासे उसळले. कोंडात दोन तऱ्हेचे खडस आहेत हे मी लग्नाच्या वर्षीच पाहिलं होतं. काही सडपातळ, पातळ ओठांचे. काही पोटाशी भरलेले, आणि ओठ असे जाड की गाल फुगवून बसल्यासारखे. धोंडे उकरून खाणाऱ्या माशाचे ओठ जाड होतात, त्यामुळे मी ते खाण्यावर ढकलून मोकळी झाले होते.

वन्संच्या हाताशी येणारे वीस मासे आम्ही दांड्याच्या लहान जाळीत घेतले, टिपले, सोडले. पहिल्या माशाचा निकाल आला तेव्हा निळ्याच्या जोडीला तांबडा पट्टा होता. मी डबा पुसला, दुसरा कापूस घातला. पुन्हा तांबडा. वीसही मासे झाल्यावर खाली आकडा आला, निळा एकाहत्तर टक्के.

“तांबडं म्हंजे कुटलं?” वन्संनी विचारलं.

“माणकी नदीचं. पण ते कसं शक्य आहे? मधे साडेतीन हजार फुटांचा कडा आहे. मासे काय घाट चढून उतरले?”

 पातेल्यातला उरलेला भात वन्संनी एकदम पाण्यात ओतला आणि घराकडे चालू लागल्या. भिवशी माणकीच्याच काठावर आहे, हे मला ठाऊक होतं. तरी डोक्यात प्रकाश पडला नाही. मी डब्याची तारीख-वेळ तपासत बसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या फणस चिरायला बसल्या होत्या. हाताला तेल लावलेलं, विळी पुढ्यात. मी चहा घेऊन शेजारी बसले.

“ते मासं मी आनलं,” त्या फणसाकडे बघत म्हणाल्या. “भिवशीवरनं.”

मी कप खाली ठेवला.

“मार्गशीर्ष व्हता. त्यानं दुसरी आनून घरात बसवली आन् मला म्हनला, ऱ्हायचं तर ऱ्हा. मी नाय ऱ्हायले. निगाले तर हातात काय सुदीक नाय. लेक माहेरी येते तवा काय तरी घिऊन येते गं, दोन भाकऱ्या का व्हईनात. मोकळ्या हातानं आयेच्या दारात कशी उबी ऱ्हाऊ? नदीवर कपडं धुताना ही पिल्लं रोज पायाला लुचायची. त्या गावात तीच काय ती माज्याशी बरी वागली. मडक्यात सात धरली आन् घाट उतरले.”

“मडक्यात? कळशी नव्हती?” मी विचारलं. अशा वेळी असा प्रश्न मलाच सुचू शकतो.

“तांब्याच्या कळशीत मासा मरतो. येवडं पन नाय शिकवलं तुला तिकडं परदेशात?”

शिकवलं होतं. तांबं माशांना विष असतं, त्यावर मी एक पूर्ण प्रकरण लिहिलं होतं. वन्संना ते त्यांच्या आजीने सांगितलं होतं.

“आठ तास चालले. वाटंत दर ओढ्याला पानी बदाललं. खाली आले तवा भान आलं, ही पिल्लं दाखवू कुनाला? आये इचारील, सासरचं काय ऱ्हायलंय की त्यांचं मासं मिरवतीस? म्हनून कोंडात सोडली. आन् मोकळ्याच हातानं घरी गेले. आजून गाव म्हनतं, रंजी मोकळी आली.” त्यांनी फणसाची एक फोड केली आणि थांबल्या. “देवीचं कुळ बाटवलं मी. म्हनून तर रोज जाते पानी बगायला. आता तुजा डबा सांगनार समद्यांना. मासं नेतील ना गं?”

नेतील, कारण नियम माझा होता. मी त्यांच्या तेलकट हातावर हात ठेवला. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. सगळ्यात जास्त राग त्या पंच्याण्णववर.

म्हणून मी जे करायला नको तेच केलं. दुपारी एकटी कोंडावर गेले आणि फक्त पातळ ओठांचे मासे धरले. अकरा मिळाले. डब्यात आकडा आला, अठ्ठ्याण्णव टक्के निळा. हाच अहवाल पाठवला तर कोंड वाचणार होता, वन्संचं गुपित राहणार होतं आणि माझा आकडाही. मी पाठवायच्या बटणावर बोट ठेवलंही होतं.

पण बोट तिथेच राहिलं, कारण मी माशांचं वय मोजलं नव्हतं. ती सवय सुटत नाही. झाडाच्या बुंध्यात असतात तशी माशाच्या खवल्यावर वर्षावर्षाची वलयं असतात. एकेक खवला काढून पाहिला, तर अकराही मासे सतरा वर्षांवरचे होते. दोघांचा कणा वाकडा. पातळ ओठांचं एकही पिल्लू नव्हतं. मी डब्याला दुसरा प्रश्न विचारला. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून, एक बापाकडून. एक बिघडलेली असली तरी दुसरी चांगली असेल तर मासा निभावून नेतो. या अकरा माशांच्या दोन्ही प्रती जवळजवळ सगळीकडे सारख्याच होत्या. म्हणजे बिघाडालाही जोडीदार बिघाडच.

संध्याकाळी मी वन्संना सांगायला लागले, “कोंड लहान, मासे थोडे, पिढ्यान् पिढ्या तेच ते. त्यामुळे...”

“भावकीतल्या भावकीत सोयरीक,” वन्सं म्हणाल्या.

मी चार वर्षं विद्यार्थ्यांना जे समजावत होते ते एवढंच होतं.

“हो. चाळीस वर्षांपूर्वीच हे कुळ संपायला आलं होतं. तुमची सात पिल्लं आली नसती तर एव्हाना कोंड रिकामा झाला असता. गेल्या दोन उन्हाळ्यांत किती मासे पुरलेत तुम्ही?”

“एकोनीस.”

“ओठ आठवतात?”

वन्सं बोटांवर मोजू लागल्या. त्या एकेक धोंडा आठवत होत्या, हे मला दिसत होतं. “समदी पातळ व्हटांची,” त्या सावकाश म्हणाल्या. “जाडा एक पन नाय.”

जाड ओठांच्या माशांत घाटावरच्या उथळ, तापणाऱ्या पाण्यातलं रक्त होतं, ते उन्हाळ्याला पुरून उरलं होतं. मी अठ्ठ्याण्णवचा अहवाल पाठवला असता तर समितीने जाड ओठांचे मासे ‘मिश्र’ म्हणून काढून नेले असते आणि मागे अकरा म्हातारे उरले असते. हे सगळं मी वन्संना सांगितलं. हेही सांगितलं, की माझा आकडा चुकला हे मी समितीपुढे बोलणार आहे. लोक म्हणतील नणंदेसाठी नियम वाकवला, तर म्हणू देत.

“फक्त एकच विचारतील,” मी म्हणाले. “मासे इथे आले कसे. कुणाच्या भांड्यातून सांडले, पुरात आले, असं काहीही नोंदवता येत नाही. कुणी, कुठून, केव्हा आणले ते ठाऊक नसेल तर बाहेरचे मासे धरायचे आणि काढायचे. पण ते मी सांगणार नाही. तुमचं तुम्ही ठरवा. नाही बोललात तरी मी तुमच्यावर कधी रागावणार नाही, वन्सं.”

त्या पानं मांडायला उठल्या. मला वाढताना फणसाची भाजी त्यांनी दोनदा वाढली.

समिती पुढच्या सोमवारी सकाळी दहाला आली. कोंडाच्या काठावरच्या देवळाच्या सभामंडपात सतरंज्या टाकल्या होत्या आणि सगळं गाव जमलं होतं. पुढे पार्वताक्का बसल्या होत्या. त्या आमच्या चुलत सासूबाई, वय पंच्याऐंशी. ‘रंजी मोकळी आली’ हे वाक्य गावात पहिल्यांदा म्हटलं ते त्यांनीच, आणि नंतरही पुष्कळदा.

मी दोन्ही निकाल मांडले, एकाहत्तरचा आणि अठ्ठ्याण्णवचा, आणि दुसरा का फसवा आहे तेही. वन्सं माझ्या कोण लागतात ते सांगितलं आणि समितीचा राजीनामा चिटणीस सरांच्या हातात दिला.  सरांनी तो कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि नेहमीसारखा घसा खाकरला.

“तुमचं शास्त्र मला पटतंय, उतेकर मॅडम. पण मासे कुणी आणले? नोंद नसेल तर माझे हात बांधलेले आहेत. हा नियमही तुमचाच आहे.”

मी खाली मान घातली.  मग मागून तो आवाज आला, पण या वेळी अगदी लहान.

“मी आनलं, सायेब.”

वन्सं उभ्या होत्या. खांबाला धरून त्यांनी सगळं सांगितलं, नवरा, दुसरी बायको, मडकं, घाट, ओढे. काहीच गाळलं नाही. देवीच्या कुळात परकं रक्त घातलं म्हणून गाभाऱ्याकडे तोंड करून हात जोडले. 

चिटणीस सर चष्मा काढून पुसत होते. “सात पिल्लं होती म्हणालात. पोचली किती?”

“सात.”

“सातही? आमच्या खात्याची ऑक्सिजनच्या पिशवीतून नेतानासुद्धा दहातली सहा पोचतात हो, बाई.”

कुणीतरी हसलं. तेवढ्यात पार्वताक्का गुडघ्यांवर हात टेकत उठल्या. त्यांना उठायला वेळ लागतो, त्यामुळे सगळं गाव बघत राहिलं. त्या वन्संपाशी गेल्या आणि त्यांच्या दंडाला धरून म्हणाल्या, “मंग मी चाळीस वर्सं बोलले ती कुनाला गं? येवडं घिऊन आली व्हतीस, तर तोंड का नाय उगाडलंस? माजं थोबाड तरी बंद झालं असतं.”

“तुमचं बंद झालं असतं व्हय, काकी?” वन्सं म्हणाल्या, आणि मग त्या म्हातारीच्या खांद्यावर डोकं टेकून मोठ्याने रडल्या. मी तर कधीच रडत होते.

चिटणीस सरांनी गावाला विचारलं, हे मासे ठेवायचे का. हात मोजायची गरज पडली नाही. त्यांनी कोंडाला पाच वर्षांची मुदत दिली, एकही मासा न हलवता, आणि पंच्याण्णवचा नियम फेरविचाराला घेतला. त्याच्या जागी कुठला आकडा हवा असं त्यांनी मला विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं, की मला माहीत नाही, आधी डोहाडोहावर जाऊन लोकांशी बोलावं लागेल.

“आता नोंद,” ते म्हणाले आणि मांडीवरचा टॅब वन्संकडे वळवला. “या माशांचं नवीन घराणं म्हणून नाव लागेल. तुम्हीच सांगा. मूळ स्थान?”

वन्संनी पदराने तोंड पुसलं. “बाईमान्साचं लिवतात तसं लिवा. माहेर भिवशी, सासर हेदवळे.”

सरांनी तसंच लिहिलं. “सद्यःस्थिती?”

“म्हंजे?”

“म्हणजे आता कसे आहेत.”

वन्संनी कोंडाकडे पाहिलं. सकाळपासून माशांना कुणी खायला घातलं नव्हतं, काठाशी पाणी नुसतं हलत होतं.

“नांदतात म्हनून लिवा,” त्या म्हणाल्या.